स्लेटनचं तळं

—नाही नाही, आधी कॉफी घ्या, कागद मागाहून. रिजायनाच्या सरकारी नकाशा-कचेरीतून तीन तास गाडी हाकत आलात, तेही तळ्याला माझ्या बाबांचं नाव द्यायला — म्हणजे ओरिन स्लेटनने तसा अर्ज केलाय म्हणा. 'दिमित्रिव तळं'. किती उदार झाला हो माणूस.

हा बघा मूळ नकाशा, सत्तावन्न सालचा. पोस्टाच्या भिंतीवर असायचा. पोस्ट बंद झालं तेव्हा मी मागून आणला. सगळी चौकोनी शेतं, उंचीच्या रेषा मोजून चार — आमच्याकडे चढ म्हणजे घराची पायरी. हे काळं टिंब आमचं घर. तळ्याच्या तीन बाजूंना जमीन आमची, काठाची वाळुंजाची झाडं बाबांनी लावलेली, पलीकडचा एक काठ काय तो स्लेटनांचा. मग नाव त्यांचं कसं? मोजणीवाला आला, इंग्रजीत विचारलं, तळं कुणाचं? बाबांना युक्रेनीखेरीज भाषा येत नव्हती. तर ओरिनचा बाप दुभाषा झाला — आमच्याच काठावर उभा, आमच्याच सूर्यफुलाच्या बिया चघळत — आणि स्वतःचं नाव सांगून मोकळा. नकाशा लागला तसं पोस्टात सगळे हसले. हे नावावरचं भोक दिसतंय? बाबांनी खिळ्याने खरवडलं. इंग्रजीतला तेवढाच एक शब्द त्यांना वाचता यायचा. पुढे सोळा वर्षं जगले, पण पोस्टात गेले नाहीत. पत्रं मी आणायचे.

आता ओरिनला त्याच्या काठावर शहरवाल्यांना बंगल्यांसाठी जागा विकायच्यात, आणि 'स्लेटन तळं' म्हटलं की गिऱ्हाईक नाक धरतं. डुकरांची घाण, दुसरं काय. मीच शेत दिलं त्या डुकरंवाल्यांना, मैला ओतायला. भाडं देत होते, म्हटलं फुकट वापरा, पण मी दाखवीन तिथेच ओता — उतार तळ्याकडे कुठून जातो ते याच चार रेषांवरून काढलं मी, भिंग लावून — हे लिहू नका हं. लिहिताय? बरं, लिहा. बदकं येत नाहीत आता. बाबांची वाळुंजं वाळली. त्याचं वाईट वाटतं मला, रोज वाटतं. पण ओरिन खिडक्या लावून जेवतो ना, ते बघून मला जेवण गोड लागतं.

आणि आता नासलेल्या पाण्याला माझ्या बाबांचं नाव? नाही. मी सही करणार नाही. उठा. आहे तेच नाव राहू दे, जरा ठळक छापा. ओरिनला सांगा, बापाने तोंडाने घेतलंय, लेकाने नाकाने सांभाळावं. आणि जाताना दार ओढून घ्या. आज वारा इकडे आहे.