वहिनीने जीव दिलेला नाही

सगळ्यांना जय भीम.

तुम्ही कामधंदा सोडून आलात. वहिनीच्या दुकानातली माणसं आलीत, सोसायटीतली मंडळी आलीत. विहारात जागा उरली नाही, बाहेर चपलांपाशीही लोक उभे आहेत. मला असं बोलायची सवय नाही. सातवीनंतर मी शाळा सोडली. ओमानला क्रेनखाली उभा राहून हाताने इशारे करतो, तोंडाचं काम तिथे कमीच. म्हणून लिहून आणलंय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

संगीतावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मला एका जागी बसवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वहिनी म्हणायची, "भाऊजी, तुमच्या पायाला भिंगरी आहे. जेवताना तरी काढून ठेवत जा."

तिची जीभ अशीच होती. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात काउंटरला असायची. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, थोडं कमी करा," की ही शांतपणे विचारायची, "किती पानं कमी करू?"

हसा, हसा. तिला आवडलं असतं.

आता जे सांगणार आहे ते सांगू नकोस, असं मला घरात बजावलंय. काल दादा म्हणाला, "तापाने गेली, एवढंच म्हण आणि खाली बस." दादा, माफ कर. मी तेवढं म्हणून बसणार नाही.

परवा मी विमानतळावरून थेट घरी आलो. हातात बॅग होती. पार्किंगमध्ये दोघी बोलत होत्या. "गोळ्या खाऊन गेली म्हणे. डोक्याचं काहीतरी चालू होतं." मला बघून लगबगीने निघून गेल्या. कोण होत्या, ते मी सांगणार नाही. पण वर गेलो तर माझी पुतणी, तनू, दारातच उभी. तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "काका, आई खरंच स्वतःहून गेली का? क्लासमधल्या मुली विचारतात."

अकरावीतली पोर आहे ती. आईला जाऊन आठवडा नाही झाला, आणि तिला हे विचारावं लागतंय.

मी म्हणालो, "नाही गं."

ती म्हणाली, "मग सगळ्यांसमोर सांग."

म्हणून मी इथे उभा आहे.

हो, वहिनीला मनाच्या डॉक्टरांची गोळी चालू होती. नैराश्याची. सकाळी उठवत नव्हतं तिला. भाजी चिरता चिरता डोळ्यांतून पाणी यायचं. कारण विचाराल तर तिलाही सांगता येत नव्हतं. दादाने तिला डॉक्टरांकडे नेलं, गोळी सुरू झाली, आणि ती बरी झाली. नीट ऐका. ती बरी झाली. तुम्ही जिच्या बोलण्याला आता हसलात, ती त्या गोळीवर उभी राहिलेली वहिनी होती.

नाही काका, खुणावू नका, बसणार नाही मी. तुम्ही बसा. थोडंच राहिलंय.

आपल्याकडे औषधं कुठे असतात? फ्रिजवर. आणि पाहुणा आला की पहिल्यांदा काय करतो? फ्रिजवरची पाकिटं वाचतो. "ही कशाची हो?" एकदा असंच कोणीतरी विचारलं. तेव्हापासून वहिनी त्या गोळ्या पाकिटातून काढून बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत भरायला लागली. घरात नावच पडलं, शक्तीची गोळी.

मग दुकानात गाइडांचा गठ्ठा काढताना ती स्टुलावरून पडली. मणक्याला चीर गेली. दवाखान्यात आपण सगळे भेटायला गेलो. मी नव्हतो, पण तुम्ही होतात. खाटेभोवती पाय ठेवायला जागा नव्हती, असं दादा सांगतो. नारळपाणी, संत्री, चौकशी. आणि त्या गर्दीत डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे का?"

तिने एकदा तुमच्याकडे बघितलं. म्हणाली, "काही नाही. शक्तीच्या गोळ्या घेते."

दादा शेजारीच होता. तो गप्प राहिला. बायकोचं झाकलेलं सगळ्यांसमोर कसं उघडं करणार? तुम्ही केलं असतं? मी केलं असतं?

डॉक्टरांनी दुखण्यावर जोरदार गोळी लिहिली. अफूच्या जातीची असते ती. वहिनी घरी आली. लिहून दिल्याप्रमाणे ती गोळीही घेतली आणि बाटलीतलीही. दोन्ही वेळेवर. मरायचं होतं म्हणून नाही! शाळा उघडायच्या होत्या, दुकानाचा सीझन तोंडावर होता, तिला लवकर उठून कामावर जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला. तिच्या हातात फोन ठरत नव्हता. मी म्हणालो, "वहिनी, कोथरूडला भूकंप झाला का?" ती म्हणाली, "नाही, तुमच्या दादाने पंखा पाचवर ठेवलाय." केस घामाने चिकटलेले, आणि म्हणत होती थंडी वाजते. पाय आपोआप झटके देत होता. घरच्यांना वाटलं, ताप आहे. कपाळावर पट्ट्या ठेवल्या. कोणालाही तेच वाटलं असतं. मग ती भलतंच बोलायला लागली, अंग लाकडासारखं कडक झालं. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे पुन्हा तोच प्रश्न. या वेळी दादाने खिशातून बाटली काढली. पण तोवर उशीर झाला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दादाला समजावलं. काल मी जाऊन पुन्हा विचारून आलो. मनाच्या काही गोळ्या आणि अफूच्या जातीच्या काही वेदनाशामक गोळ्या अंगातलं एकच रसायन वाढवतात. दोन्ही एकदम घेतल्या तर ते कधीकधी भलतंच वाढतं. थरथर, घाम, ताप, झटके, सगळं त्याचंच. आमच्या साइटवर एकाच जागेवर दोन क्रेन फिरतात. दोन्ही चालवणारे हुशार असतात. पण एकाला दुसऱ्याचं माहीतच नसेल, तर खाली उभा असलेला माणूस जातो.

गोळी वाईट नाही. या सभेत कोणी अशी गोळी घेत असेल, आणि असेलच, तर घाबरून ती बंद करू नका. डॉक्टरीणबाईंनी हे दोनदा बजावलंय. फक्त जो डॉक्टर विचारेल त्याला सांगा. आणि बाकीच्यांना माझं एवढंच मागणं आहे. भेटायला जा, संत्री न्या. पण डॉक्टर खाटेजवळ आले की उठून बाहेर जा. त्या माणसाला एकटं बोलू द्या.

दादा, तुझ्या बायकोने जीव दिलेला नाही. तिला जगायचं होतं. हे मी सगळ्यांसमोर सांगितलंय, आता कोणी वेगळं बोललं तर माझ्याशी बोलावं.

श्रद्धांजलीला उभे राहू या.

तनू, तू खांबाआड कशाला उभी आहेस? इकडे ये. तिला वाट द्या जरा. अशी. माझ्या शेजारी, पुढे. खाली बघू नकोस.

बघा, ही संगीतावहिनीची मुलगी. तिच्याकडे नीट बघा, मग डोळे मिटा. आता कोणीही बोलू नका.

वहिनी, जय भीम.