मुकादमाला गप्प करायला निघालेल्या ज्ञानदाताई

आदरणीय अध्यक्ष डॉक्टर सुमंत, व्यासपीठावरील मान्यवर, जिला निरोप देताना जीभ अडखळते ती आपली डॉक्टर ज्ञानदा, आणि दाटीवाटीनं बसलेल्या सांगली-तासगावच्या माझ्या बंधुभगिनींनो, जय जिनेंद्र!

मी जवाहर. बेदाण्याचा व्यापारी, शाळा चौथीपर्यंत. डॉक्टरांच्या सभेत माझं काय काम? पण माझी पत्नी विजयमाला हिची मधुमेहाची दुखणी ताईंनी काढली, म्हणून पेशंटांच्या वतीनं मला उभं केलं. अध्यक्ष घड्याळाकडं बघताहेत. बघा, बघा! सौदा पटल्याशिवाय व्यापारी उठत नसतो.

ताई बंगळूरला संशोधनाला चालल्या. कसलं संशोधन? मी विचारून विचारून त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो. आमच्या बेदाण्याच्या शेडवर बाया आपोआप कामाला लागतात का? मुकादमानं हाक दिली की लागतात, तो गप्प झाला की घरी जातात. आपल्या पेशींत जनुकं असतात, त्यांनाही असे मुकादम असतात, प्रथिनंच ती. कुठल्या जनुकानं कधी कामाला लागायचं, हे ती ठरवतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली, की मूत्रपिंडातला मुकादम ‘धावा, धावा’ ओरडतच सुटतो. आधी सूज येते. मग डागडुजीला गवंडी येतात, आणि तेही थांबत नाहीत. लिंपत लिंपत रक्त गाळायची चाळणीच बुजवून टाकतात. त्या मुकादमाला गप्प कसं करायचं, हे ताईंना शोधायचं आहे.

आता आमच्या घरचं ऐका. तीन वर्षांमागं विजयमालाची साखर एकाएकी उतरली. इन्शुलिन निम्म्यावर आणलं, तरी उतरलेलीच. चेहराही भरला. गल्ली म्हणाली, “बाई लय तजेलदार दिसाय लागली!” हिनं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, शांतिविधानाची पूजा केली आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या गल्लीला पंगत घातली. ताईंनाही बोलावलं. ताई आल्या, हिच्या तोंडाकडं पाहिलं, पायावर बोट दाबलं. खड्डा पडला. ताटातल्या पुरीला त्यांनी हात लावला नाही.

मूत्रपिंडं निकामी होत आली, की इन्शुलिन अंगातच रेंगाळतं, म्हणून साखर उतरते; आणि अंगात पाणी साठतं, म्हणून चेहरा भरतो. मधुमेह गेला म्हणून आम्ही बुंदी वाढत होतो, आणि पंगतीत खरं काय ते एकट्या ताईंना कळलं होतं.

आता मिरजेला यंत्रावर रक्त धुऊन आणतो. आजही आणलं. उठवत नाही, म्हणून ती इथं नाही.

परवा ताई घरी आल्या. म्हणाल्या, “मावशी, मी जाणं पुढं ढकलते.”

“कशापायी?”

“तुमच्यासाठी.”

“माझी चाळणी लिंपून झाली गं पोरी. हितं बसून ती खरडणार हाईस व्हय? ब्राह्मीची अजून मोकळी हाय.”

ब्राह्मी आमची लेक. गेल्या दिवाळीत तिलाही साखर निघाली.

मी म्हटलं, “अगं, पण…”

“आवं, तुमी बेदाण्याचा भाव बोला. ह्यातलं तुमाला कळत न्हाई.”

ताईंना मी दाराशी गाठलं. “औषध कधी निघेल?” त्या खोटं बोलत नाहीत, हीच त्यांची खोड. म्हणाल्या, “काका, दहा वर्षं, वीस वर्षं. कदाचित माझ्या हातून निघणारही नाही.” आणि जिन्यातच बसून लहान मुलीसारख्या रडल्या. मी आत जाऊन पाणी आणलं, तेही निम्मं सांडलं.

त्या गेल्यावर विजयमालानं मला बजावलं, “सभेत तिला थांब म्हणायचं न्हाई. तुमी रडलासा की पोरीचा पाय अडकंल.”

मंडळी, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, संयोजकांनी अडाण्याच्या हाती माइक दिला, सर्वांचे उपकार मानतो. शास्त्रात माझं काही चुकलं असेल, डॉक्टर लोकांनी पोटात घालावं. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, तर आमच्या रीतीप्रमाणं दोन्ही हात जोडून उत्तम क्षमा मागतो.

आणि ताई, गाडी गाठण्याआधी घरी टेकून जा. ती विचारील, हे माइकवर काय बोलले? थांबा म्हणाले नाहीत, एवढं सांगा. आवाज कसा होता, ते सांगू नका.