दर शुक्रवारी वीतभर केबल

— हात नको लावूस वर्षाली, पडेल तो रेडिओचा डबा! स्टुलावर स्टूल ठेवून का चढवलाय? हवेशीर राहतो म्हणून. हसतेस कशाला? खालच्या मजल्यावरच्या नव्या सूनबाईला चहाला बोलावलं, तर ती आल्या आल्या माझं फर्निचर तपासायला लागली. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या अँटेना तपासतेस ना, तीच नजर. बरं, बस. आणि आजी म्हणू नकोस, काकू म्हण. रेडिओवर मला शालनबाई म्हणतात — परवाना आहे माझ्याकडे, हौशी रेडिओचा, परीक्षा देऊन मिळवलेला. आठवीत शाळा सुटली, पुढचं माझं मीच शिकले. नवरा विचारायचा, स्वयंपाक कधी? म्हटलं, हे सोल्डर थंड झालं की.

तर ऐक. गच्चीवर दोन अँटेना दिसल्या? हा सॉफ्टवेअरवरचा रेडिओ — एकाच डब्यातून तोच आवाज दोन वाटांनी निघतो, एकेक वाट एकेका अँटेनाला. तुम्ही लोक फेज म्हणता, मी बरोबरी म्हणते. बंद पडलेली रिक्षा दोघांनी एकदम ढकलली तर जाते. एक ढकलतोय, दुसरा ओढतोय, तर जागच्या जागी. माहितीये तुला? असणारच, पगार घेतेस त्याचा, पण मला सांगू दे. दोन्ही लाटा बरोबरीनं सुटल्या की आवाज वेल्ह्याच्या डोंगरावरून पलीकडे उतरतो. पलीकडे कोण? आहेत एक — हिंदुराव. वायरमन होते, आता निवृत्त. रोज संध्याकाळी पाचला रेडिओवर येतात. आम्ही हवामान बोलतो. रोज काय हवामान असतं? असतं! रोजच असतं.

पण शुक्रवार आला की लाटा फिसकटल्याच. हिंदुराव म्हणतात, "शालनबाई, आज विहिरीतून बोलताय." मग मी काय करते — एका केबलचा वीतभर तुकडा कापते. केबल आखूड, की लाट लवकर पोचते. जुळलं की आठवडाभर बघायला नको. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच — मग दुसरी कापायची. असं करत करत — बरं, सांगते — आता दोन्ही केबल खिडकीतून टेबलापर्यंत येतच नाहीत, म्हणून डबा वर चढलाय. झालं समाधान?

पण आज असलं चालायचं नाही. त्यांचा मुलगा आलाय, उद्या टेंपो करून नाशिकला नेणार त्यांना, फ्लॅटवर. तिथली सोसायटी अँटेना लावू देत नाही, रेडिओ विकायला काढलाय. आजचं बोलणं शेवटचं. फोन? केला ना! मुलगा उचलतो. म्हणतो, बाबा आवराआवर करतायत, हवामानाचं मी सांगतो त्यांना. गुणी आहे मेला. मला काय सांगायचंय? विशेष नाही. एवढंच, की माझी मागची खोली रिकामी पडलीय, ऊन चांगलं येतं — आणि गच्चीवर आणखी एका अँटेनाला जागा आहे. अँटेनाला म्हटलं मी! दात काय काढतेस?

तो कटर दे इकडे. का नको? काय विचारलंस — डबा मधे बंद झाला होता का? मी कशाला बंद करीन? काल गुरुवार नव्हता का — भोसरीत नवीन आहेस तू — गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, दुरुस्तीला लाइट घालवतात, आपली लाइन त्यांच्याच बरोबर. पाचचं बोलणं बुडतंच त्या दिवशी. सातला लाइट आली की डबा पुन्हा सुरू...

थांब. बोलू नकोस. कळलं मला. दर वेळी सुरू होताना दोन्ही वाटा आपापल्या मर्जीनं निघतात. कधी ही पुढे, कधी ती, आणि फरक दर वेळी वेगळा. केबलचा काही गुन्हाच नाही. आणि मी आपली... कंपनीत सांगत बसू नकोस हं. जुन्याच होत्या त्या, कापायलाच झाल्या होत्या.

मग फरक डब्यातच भरून काढू — लॅपटॉपवर हा आकडा आहे ना, दुसरी वाट किती मागे ढकलायची तो. घे हा हातातला रेडिओ, गच्चीत डोंगराकडच्या कठड्यापाशी उभी राहा, डब्यातून नुसती शिट्टी सोडते मी. आणि मोठा आवाज शोधू नकोस, मोठा नेमक्या आकड्याच्या आजूबाजूलाही मोठाच वाटतो. सगळ्यात बारीक कधी होतो ते ओरडून सांग — तिथं दोन्ही लाटा एकमेकींना खातात, मग तिथून बरोबर उलटं करायचं. हां... बारीक? अजून?... गेला? पार गेला? तिथंच राहा — आता उलटं. आता? अगं, मला इथवर ऐकू येतंय, कबुतरं उडाली टाकीवरची! ये, आत ये.

पाच वाजत आले. तोंड गोड करायला साखर नंतर, आधी खाली जा. हो, माहितीये, हवेत सोडलं की ऐकायला अख्खा जिल्हा मोकळा — लपवून बोलायचं नाही, परवान्याचा नियमच आहे. ऐकू दे जिल्ह्याला. जिल्हा मला रोज जिन्यात भेटत नाही, तू भेटतेस. आणि तो हातातला रेडिओ इथंच ठेव. टेबलावर. ओढणीखाली नाही — टेबलावर म्हटलं ना. हां. दार ओढून घे.