चंद्रावरची हाक आणि लाल पेन्सिल

मंडळातल्या वडीलधाऱ्यांनो, भावा-बहिणींनो, आणि जानकीवहिनी,

मला बोलायला उभं केलंत खरं. शाळेत चाळीस मुलींपुढे रोज बोलते मी. इथे बोलवत नाही. थोडं थांबत थांबत बोलेन, सांभाळून घ्या.

या टेबलाच्या त्या टोकाला अण्णा बसायचे. प्रत्येक सभेला. कोपर टेबलावर, तळहातावर डोकं, डोळे मिटलेले. पाहुण्यांना वाटायचं, हे गृहस्थ झोपलेत. झोपले नव्हते हो. लहानपणी रत्नागिरीला असताना त्यांचे दोन्ही कान फुटले आणि ऐकू येणं फार कमी झालं. टेबलाच्या लाकडातून आवाज कोपरात यायचा, कोपरातून डोक्यात. अण्णा हाडानं ऐकायचे. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक होतं? मला नव्हतं. दहा वर्षं शेजारी बसून नव्हतं.

कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेला भाग मापात बसला तर लाल पेन्सिलीनं 'पास', नाहीतर लाल फुली. तीच पेन्सिल खिशात घालून ते आपल्या मंडळाच्या हस्तलिखित अंकात आले. आकाशात पहिला उपग्रह फिरायला लागला, त्या वर्षापासून आपल्या अंकात परग्रहांच्या कथा सुरू झाल्या. अण्णा स्वतः एक लिहायचे आणि बाकीच्यांच्या तपासायचे. त्यांचं म्हणणं एकच. ग्रह खोटा चालेल, त्यावरची माणसं खोटी चालतील, पण तिथलं वस्तूंचं पडणं खोटं चालणार नाही. वाचणाऱ्यानं एकदा पडणं खरं मानलं की पुढचं सगळं तो मानतो.

आठवतं ना, वहिनी अण्णांशी लग्न होऊन नव्या नव्या इथे आल्या तेव्हा तूरडाळ शिजत नाही म्हणून वाण्याशी भांडल्या होत्या? अण्णांनी कारखान्यातून थर्मामीटर आणला आणि चुलीपाशी बसले. इथलं पाणी रत्नागिरीपेक्षा तीन अंश आधीच उकळतं, कारण आपण समुद्रापासून तीन हजार फूट वर राहतो. वाणी निर्दोष सुटला. आणि त्या वर्षीच्या अण्णांच्या कथेत, विरळ हवेच्या ग्रहावर उतरलेल्या माणसांची डाळ पाणी खळखळ उकळूनही कच्चीच राहिली. आपण सगळे हसलो होतो. पण तो ग्रह मला अजून आठवतो, त्या कच्च्या डाळीमुळे आठवतो.

आता माझं सांगते. सांगायला लाज वाटते, पण आज नाही सांगितलं तर कधी सांगू?

गेल्या वर्षी मी एक कथा लिहिली. चंद्रावर आई आणि मुलगा. मुलगा चुकीच्या दिशेनं, अंधाऱ्या दरीकडे चाललाय. आई जिवाच्या आकांतानं हाक मारते, तो ऐकतो आणि मागे वळतो. माझी धाकटी तापात गेली, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटी मी तिला हाका मारत होते. ती वळली नाही. कथेत तरी कुणीतरी वळावं, एवढंच मला हवं होतं.

कथा द्यायला मी उशीर केला, त्यामुळे ती न तपासताच अंकात बांधली गेली. आपल्या अंकाची एकच प्रत. इथल्या चामराजपेटेतून निघते, घरोघर दोन-दोन दिवस राहते. पहिलं घर अण्णांचं, शेवटचं माझं. प्रत माझ्याकडे आली तेव्हा त्या हाकेशेजारी, समासात, लाल अक्षरं होती : 'हवा नाही. हाक पोहोचणार नाही.' खाली फुली.

सव्वीस घरांनी ते माझ्याआधी वाचलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नसणार. सुटा भाग तपासावा तशी त्यांनी कथा तपासली. पण ती हाक माझी होती हो. मी अंकाचं काम सोडलं. अण्णांशी बोलणं सोडलं. रस्त्यात दिसले तर पलीकडून जायची.

एका संध्याकाळी ते सायकलवरून घरी आले. मी आत होते. सासूबाईंना सांगितलं, नाही म्हणून सांगा. दारात माझ्या चपला होत्या, त्यांनी पाहिल्याच असतील. एक चिठ्ठी ठेवून गेले. 'शकूबाई, घरी रेडिओ ऐकायला या.' एवढंच. मी म्हटलं, वा, इतकं दुखावलं आणि आता गाणी ऐकवून समजूत काढतायत. चिठ्ठी चुलीत गेली.

आठ महिने. आठ महिने मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नाही.

मग त्यांच्या आजारपणाचं कळलं. दवाखान्यात गेले तेव्हा वहिनी बाहेर व्हरांड्यात होत्या. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की चिठ्ठी ठेवली त्या दिवशी ते रात्रीच्या जेवणापर्यंत तुझी वाट बघत बसले होते. मी विचारलं, रेडिओ कशासाठी ऐकवायचा होता? तेव्हा वहिनींनी सांगितलं की अण्णा रेडिओच्या लाकडी पेटीला कपाळ टेकवून बातम्या ऐकतात. त्यांना तुला दाखवायचं होतं. चंद्रावर हवा नाही, पण आईनं आपलं शिरस्त्राण मुलाच्या शिरस्त्राणाला टेकवलं तर आवाज त्यातून जाईल. हाक पोहोचेल, फक्त तिला त्याच्यापर्यंत जावं लागेल.

मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. माझी हाक खोडून तो माणूस स्वस्थ बसला नव्हता. तिला वाट शोधत होता.

आत गेले. अण्णा उशीवर पडून होते. मोठ्यानं बोलले तरी त्यांना ऐकू जाईना, आणि नर्स ओरडू देईना. माझ्या पिशवीत शाळेची लाकडी फूटपट्टी होती. एक टोक त्यांच्या कानामागच्या हाडाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं. नर्स बघतच राहिली. दातांत पट्टी धरून शब्द अर्धेमुर्धेच निघतात, तरी म्हटलं, अण्णा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "परत लिही. आई धावताना पडेल. तिथे पडायला इथल्या अडीच पट वेळ लागतो. तेवढा वेळ तिला दे."

मी म्हटलं, "सरी, अण्णा."

'बरं'च्या जागी माझ्या तोंडी बसलेल्या या कानडी 'सरी'ला ते नेहमी हसायचे. तेव्हाही स्वल्प हसले.

चार दिवसांत मी कथा लिहून काढली. आई धावते. पडते, सावकाश पडते, आणि त्या वेळात तिला मुलाची पाठ दूर जाताना दिसत राहते. उठते, गाठते, डोक्याला डोकं टेकवते आणि त्याचं नाव घेते. पाचव्या दिवशी सकाळी पानं घेऊन दवाखान्यात गेले. अण्णांच्या रिकाम्या खाटेवरची चादर नर्स बदलत होती.

ती पानं मी अंकात चिकटवली आहेत. अंक इथे टेबलावर आहे. उद्यापासून घरोघर येईल, या वेळी पहिलं घर वहिनींचं. एकच विनंती आहे. त्या कथेचा समास मी रुंद सोडलाय. वाचा, पण तिथे कुणी काही लिहू नका. ती जागा लाल पेन्सिलीची आहे.

आता दोन मिनिटं उभे राहू या. समोरच्या बाकावर, टेबलावर, जिथे लाकूड असेल तिथे हात ठेवा. अण्णा असेच ऐकायचे.

अण्णा, तुमच्या शकूबाईचा नमस्कार घ्या. कथा तपासायची राहिली आहे.