दुर्बिणीत काही नाही निघालं तरी

मंडळी, बसा. बायाहो, ऊन लागत असलं तर इकडं सावलीत सरका. मले बोलता येत नाही. माहं काम आपल्या संग्रामपूरच्या दवाखान्यात बारीक जंतू दाखवणाऱ्या दुर्बिणीतून लेकरायची हगवण तपासायचं. अशा माणसानं शोकसभेत काय बोलावं? पण डॉक्टरसाहेब गेले, अन् त्यायच्या हाताखालचा मीच उरलो. म्हणून उभा राह्यलो. थकलो, मंडळी. लय थकलो.

तुमाले माहीतच आहे. लेकरू अंगणात हगायले बसलं की माय आधी त्या घाणीवर चुलीतली राख टाकते, मंग खापरानं उचलते. दवाखान्यात आणायचं असलं की त्यातलंच थोडं काडेपेटीत. सकाळचं दुपारी येते, वाळून कडक. मी दुर्बिणीत काय पाहू? राख पाहू? का सारवलेल्या अंगणातलं शेण पाहू? साहेबायनं बायायले पळसाचं पान दाखवलं. पानावर बसवा, ताजं आणा. काही जणी आणू लागल्या. तरी साहेब म्हणत, ताज्यातही सारं सापडत नाही, अन् सापडलं तरी त्यानंच हगवण लागली असं नाही.

मागच्या श्रावणात एक बाप पोरीले घेऊन आला. संग माय अन् आजी. पोर खांद्यावर मान टाकून. मी काडेपेटी उघडली, पाह्यलं, काही नाही निघालं. बाप म्हणे, आजारच नाही तर इथं काऊन ठेवू, घरी नेतो. आजीनं पोरीचं पाणी अन् मायचं दूध दोन्ही बंद केलं होतं. पोटात गेलं की बाहेर येते, म्हणून. साहेब दारात आडवे आले. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राह्यली, अंगातलं पाणी आटलेलं.

"तपासणीत काही नाही निघालं ना साहेब," बाप म्हणाला.

"त्यानं हगवण पाह्यली," माह्याकडं बोट करून साहेब म्हणाले. "पोर कोणी पाह्यली?"

मंग ते स्वतः फरशीवर बसले. मीठ टाकलेली तांदळाची पेज, चमच्या-चमच्यानं. ओकली की थांबायचं, पुन्हा द्यायची. मायले सांगतलं, पाज. आजी रागानं बाहेर जाऊन बसली. दिवस कलता कलता पोरीनं लघवी केली, साहेबायच्याच पँटीवर. ते इतके हसलेले मी कधी पाह्यले नाही.

सारीच लेकरं वाचली का? नाही, मंडळी. उगाच देव करू नका त्यायले. उशिरा आलेली लेकरं त्यायच्या हातात गेली. तवा मी उशीर करणाऱ्या मायबापावर रागवत असे. परवा छातीत कळ आली, अन् तेच गेले. आता मी कोणावर रागवायचं?

पंचायत म्हणते, साहेबायच्या नावानं मोठी दुर्बीण घेऊ. घ्या. डोळे आहेत तवर मी पाहीन तिच्यात. पण लेकराले हगवण लागली तर माह्या तपासणीची वाट पाहत त्याचं पाणी तोडू नका. हात जोडून सांगतो.

आता साहेबायसाठी उभे राहू. लिंबाखालच्या बाई, तुम्ही उठू नका. मघा तुम्ही शेजारणीले सांगून राह्यल्या होत्या, लेकराले सकाळपासून हगवण लागली म्हणून अंगावरचं दूध तोडलं. त्याले पदराखाली घ्या. त्याचं पोट भरेपर्यंत आम्ही उभे राहतो. कोणी बोलणार नाही.