घट बसले त्या दिवशीची गोळी

माझा जन्म दिंद्रुडचा. वडील सालगडी. मी नर्सिंग शिकलो आणि बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत चौतीस वर्षं ब्रदर म्हणून नोकरी केली. ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. सुरुवातीला गावची पोरं म्हणायची, काय रं, बायांचं काम करतो का. सुई टोचायची वेळ आली की तीच पोरं तोंड फिरवून बसायची. आता वडवणीला राहतो. घरात मी आणि बायको गिरजा, दोघंच.

मी मोजकं बोलणारा माणूस. वॉर्डात माझी शिस्त होती. गोळी कुणाची, कोणती, किती, हे वाचून मगच द्यायची, आणि दिल्यावर पेशंटकडे लक्ष ठेवायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पाय सुजतात, दुखण्याच्या गोळीनं पोटात जखम होते. ऊसतोडीला निघालेल्या बायांना तर ट्रकपाशी उभा राहून सांगितलं, की बाई, उपाशीपोटी दुखण्याची गोळी खाऊ नका. आणि सर्वांना शेवटी एकच वाक्य, गोळी चुकवायची न्हाई. तेच वाक्य मी घरी आणलं, आणि काय सांगू तुम्हाला, ते वाक्य अर्धं होतं.

गिरजाला साखर निघाली. डॉक्टरांनी सकाळी जेवणाआधी घ्यायची गोळी दिली. एकदा ती विसरली, तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. त्यानंतर तिनं गोळी कधी चुकवली नाही.

आमच्याकडे नवरात्रात उठता-बसता उपास धरतात, म्हणजे घट बसतात तो एक दिवस आणि उठतात तो एक. हा उपास सोड, असं मी तिला सांगितलं होतं. ती गप्प राहिली, तो मी होकार धरला. घट बसले त्या दिवशी मी चष्म्यासाठी बीडला गेलतो. दुपारी परत आलो तर ती घटापुढे बसून एकच समई पुसत होती, पुसत होती, आणि लुगडं घामानं भिजलेलं. माझ्याकडं पाहून म्हणाली, ब्रदर, डाक्टर आले का.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. तिनं मला ब्रदर कधी म्हटलं नव्हतं.

हात धरला, गार. काय खाल्लंस? काही न्हाई, उपास हाय. आणि गोळी? घेतली की, आमचे मालक म्हणत्यात, चुकवायची न्हाई.

ती गोळी घेऊन जेवलं नाही तर साखर फार उतरते, हे उरलेलं अर्धं वाक्य मी तिला सांगितलंच नव्हतं. घाईत साखरेचा डबा सांडला. गिळता येतंय ना हे पाहून साखरपाणी घोट घोट पाजलं. बेशुद्ध असती तर तोंडात काहीच घालता आलं नसतं, ते जातं श्वासनलिकेत. हे मला माहीत होतं, म्हणून भीती जास्त. पंधरा मिनिटांनी म्हणाली, तुमी कवा आले? तरीही शेजारच्या रफिकच्या रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, कारण त्या गोळीचा असर एका पेल्यानं संपत नाही, साखर पुन्हा उतरते. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. ड्यूटीवरचा डॉक्टर माझ्या हाताखालून गेलेला. तो म्हणाला, ब्रदर, तुमच्या घरात?

पुढे डॉक्टरांनी गोळी बदलली. उपास सुटला, देवीला मी हात जोडून सांगितलं, दोष माझा आहे. पण चुलीपुढं तिला घाम आला तरी मी तिचा हात धरून बघतो, गार आहे का. भानावर आहे ना हे पाहायला रोज दोनदा तिला नाव विचारतो. ती म्हणते, गिरजा, आन तुमचं बी घिऊ का, उखाण्यात?

काल विचारलं, तर उत्तर आलं नाही. मी उठलो. तसाच चुलीपर्यंत गेलो.

तिच्या तोंडात घास होता. तो तिला लाभो.