शुद्धिपत्रातली दुसरी वेलांटी

अक्का, भिकाभाऊ, सर, आणि नानांसाठी इथे जमलेले तुम्ही सगळे.

मी धुळ्याहून आले. सकाळच्या एसटीत बसून चार पानं लिहून आणली होती. ती ही, माझ्या हातात आहेत. पण आता ती वाचता येणार नाहीत. का, ते सांगते. जरा पाणी घेते आधी.

मला सभेत बोलायची सवय नाही. मी सरकारी कचेरीत टंकलेखिका. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बडवते. माझं स्वतःचं वाक्य ऐकायला माणसं बसली आहेत म्हटलं की हात कुठे ठेवावेत कळत नाही. त्यात नाना गेले. दहा दिवस झाले आणि मला अजून राग येतोय. दुःखाचं मी घरी पाहून घेईन. रागाचं मात्र इथेच सांगून जायला हवं, कारण तो माझा माझ्यावरच आहे.

सर, तुम्ही आत्ता माझ्या आधी बोललात. फार छान बोललात. म्हणालात, नाना एवढे प्रामाणिक की आपल्याच पुस्तिकेत चूक सापडली तेव्हा त्यांनी स्वतः शुद्धिपत्र काढलं आणि प्रत्येक प्रतीत चिकटवलं. म्हणालात, असा प्रकाशक खानदेशात दुसरा होणार नाही. टाळ्या वाजवायची जागा नाही म्हणून, नाहीतर वाजल्या असत्या.

सर, ते शुद्धिपत्र नानांचं नव्हतं.

बसा, सर. उठू नका. मी सगळं सांगते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करते. नानांचा इथे जळगावात छोटा छापखाना. लग्नपत्रिका, डाळ मिलची लेबलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. आणि या सगळ्याच्या फटीत नानांनी एक वेड काढलं. एक तबकडी, तिच्यावर एक पुस्तिका. मालेचं नाव 'दोन बाजू'. बत्तीस पानं. तबकडीच्या पहिल्या बाजूला सोळा पानांचा एक फर्मा, दुसऱ्या बाजूला एक फर्मा. त्याच्या बाहेर एक ओळ जायची नाही. लोक म्हणायचे, नाना, गाणं ऐकायचं की वाचायचं? नाना म्हणायचे, जेवण झाल्यावर भाजी कशी होती ते बोलतो ना आपण? तसंच.

त्यांचा नियम एकच होता. गायक कुठे जन्मला, कुणाकडे शिकला, ते लिहायचं नाही. तबकडी तुमच्या घरात कशी वाजली, ते लिहा.

मी त्यांना पहिलं पत्र लिहिलं ते भांडायलाच. धुळ्याच्या बस स्टँडवर तिसरी पुस्तिका मिळाली होती. त्यात लिहिलं होतं, चौथ्या चिजेत तबला मागे सरतो. मी कार्ड टाकलं, तबला मागे सरत नाही, तुमच्या लेखकाच्या फोनोची सुई झिजली आहे. आठ दिवसांत उत्तर. 'सुई तपासली. झिजली होती. पुढची पुस्तिका तुम्ही लिहा.'

असा माणूस. मी काय करणार होते? लिहिली.

आता चूक सांगते. नीट ऐका, कारण ही चूक आपल्याकडेच होऊ शकते.

माझ्याकडे फोनो नव्हता. टेपरेकॉर्डर होता. आणि नाना आपली तबकडी कुणाला घरी नेऊ द्यायचे नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. अक्का, हसताय तुम्ही, तुमच्या नवऱ्याचंच सांगतेय. खरं ना? तर मी धुळ्याच्या बाजारात कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात गेले. लग्नगीतांची तबकडी होती, आपल्या भागातल्या एका वयस्कर बाईंनी गायलेली. दुकानदाराने कॅसेट भरून दिली. मी महिनाभर ऐकली. धुणं धुताना ऐकली, निवडताना टिपताना ऐकली.

आणि मी थक्क झाले. कारण त्या बाईंनी पाठवणीपासून सुरुवात केली होती. आधी मुलगी निघते, शीव ओलांडते, सासरचं दार. आणि मग, दुसऱ्या बाजूला, हळद. जातं. तेलवण. मी लिहिलं, ही बाई मोठी आहे. हिला कळलंय की हळद लागते तेव्हा मुलीला काही उमजत नसतं. सासरी गेल्यावर, परक्या चुलीसमोर बसल्यावर, मग ती हळद आठवते. दुसरी बाजू ही सगळी आठवण आहे. म्हणून ती आवाजात एवढी हळू आहे.

बत्तीस पानं मी या एका गोष्टीवर उभी केली. पुस्तिका निघाली. लोकांनी वाचली. कुणी कुणी रडल्याचंही कळवलं.

मग एका वाचकाचं पत्र आलं. फार सभ्य पत्र. 'आमच्या तबकडीवर हळद पहिल्या बाजूला आहे. तुमची तबकडी वेगळी आहे का?'

वेगळी नव्हती. दुकानातल्या तबकडीचा मधला कागद, ज्यावर बाजूचा आकडा असतो, तो फाटलेला होता. दुकानदाराने हाताला येईल ती बाजू वर ठेवली. बाईंनी काही उलटं गायलं नव्हतं. हळद आधी, पाठवणी नंतर, जशी सगळ्या जगाची लग्नं होतात तशीच. उलटं केलं दुकानदाराने, आणि त्याच्यावर तत्त्वज्ञान केलं मी.

तुम्ही हसा. आता हसायला हरकत नाही. तेव्हा मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून जळगावला आले. छापखान्यात भिकाभाऊ छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते, साक्षीला आहेत ते. मी म्हटलं, नाना, प्रती परत मागवा. ते जमत नसेल तर शुद्धिपत्र छापा. आजच छापा.

नाना प्रूफ वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. एरवी माझ्याशी शहरातलं बोलायचे, पण मनातलं बोलायचं झालं की गावाकडचं यायचं तोंडात. म्हणाले, "ताई, हाई चूक नही शे. तुमले जसं ऐकू वनं तसं तुम्ही लिखं. आपला नियमच तो शे."

चूक नाही म्हणे, ऐकू आलं तसं लिहिलंत. मला वाटलं, माझी समजूत घालतायत. लहान पोरीची घालतात तशी. मला तो अपमान वाटला. आणि मी बोलले. भिकाभाऊंच्या समोर बोलले. म्हटलं, तुम्हाला खऱ्याखोट्याशी देणंघेणं नाही, नाना. फर्मा भरला की तुमचं काम झालं.

ज्या माणसाने माझ्या एका कार्डावरून सुई तपासली होती, त्याला मी हे म्हटलं.

नानांनी चष्मा लावला आणि प्रूफ वाचायला लागले. मी निघून आले.

आणि मग मी जे केलं ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. कचेरीत मी स्टेन्सिल कापलं. दुपारच्या सुट्टीत सायक्लोस्टाइलवर चिठ्ठ्या काढल्या. वर मथळा, 'शुद्धीपत्र'. 'या पुस्तिकेतील विवेचन तबकडीच्या चुकीच्या क्रमावर आधारलेले आहे. वाचकांनी क्षमा करावी.' आणि खाली लिहिलं, 'प्रकाशक.' माझं नाव नाही. प्रकाशक. डिंकाची बाटली पिशवीत घेऊन मी धुळ्याच्या बस स्टँडवर गेले, वाचनालयात गेले, कॉलेजात गेले. जळगावच्या दुकानांना टपालाने पाठवल्या. सगळीकडे सांगितलं, नानांनी पाठवलंय. सगळ्यांनी विश्वास ठेवला. नानांचं नाव घेतलं की विश्वास ठेवायचेच लोक.

सर, तुम्ही एवढे वाचणारे. तुमच्या मनात एकदाही आलं नाही? ज्याचा स्वतःचा छापखाना आहे, तो आपलं शुद्धिपत्र सायक्लोस्टाइलवर कशाला काढेल?

त्यानंतर काय झालं ते तुम्ही पाहिलंत. तुमच्यातल्याच काहींनी केलं ते. छापखान्याच्या दारातून जाता येता, नाना, आज कोणती बाजू पहिली? एका लेखकाने कबूल केलेली पुस्तिका परत घेतली. म्हणाला, ज्याला तबकडीची पाठ-पोट कळत नाही त्याच्या मालेत मी लिहीत नाही. नाना एका शब्दाने म्हणू शकले असते, ही चिठ्ठी माझी नाही. म्हणाले नाहीत. कुणाकडेच म्हणाले नाहीत.

त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक होतं. मला त्यांचं कार्ड आलं. आजही पर्समध्ये आहे. वाचते.

'ताई, चिठ्ठी पाहिली. डिंक चांगला आहे, निघत नाही. एक सुचवतो. शुद्धिपत्र या शब्दात द्धि ऱ्हस्व. तुमच्याकडून दुसरी वेलांटी पडली आहे. कधी येता?'

चूक दुरुस्त करायला मी चिठ्ठी काढली आणि चिठ्ठीचं नावच चुकीचं लिहिलं. रोज शंभर पानं टाइप करणारी बाई मी.

त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. नंतर दोन कार्डं आली. 'कधी येता?' एवढंच. त्यांनाही दिलं नाही. लाज वाटायची. मग लाजेचा राग यायचा. मग वाटायचं, दिवाळीत जाऊ. मग वाटायचं, उन्हाळा सरला की जाऊ. धुळे-जळगाव किती लांब आहे हो? तासातासाला गाडी आहे. दीड वर्ष मला गाडी मिळाली नाही.

आज मिळाली.

आज सकाळी उतरले ती थेट नानांच्या घरी गेले. अक्कांच्या पायाशी बसले आणि हे सगळं सांगितलं. म्हटलं, अक्का, नानांनी माझी चूक पोटात घातली, मला वाचवायला खोटं बोलले. तर अक्कांनी वेगळंच सांगितलं. अक्का, सांगू ना? तुमची परवानगी आहे ना?

पुस्तिका निघाली तेव्हा नानांनी ती अक्कांना वाचून दाखवली होती. सगळी, एका बैठकीत. अक्का म्हणाल्या, मी रडले. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "मन्ही हयद माले सासरले जाईसनच समजनी."

त्यांची हळद त्यांना सासरी जाऊनच समजली. अक्कांचं लग्न झालं तेव्हा त्या किती लहान होत्या, तुम्हाला माहीत आहे. आणि त्या दिवसापासून नाना घरी ती तबकडी दुसऱ्या बाजूने लावायचे. आधी पाठवणी, मग हळद. बरोबर क्रम माहीत असून. शेवटपर्यंत.

म्हणजे माझी समजूत वगैरे काही घालत नव्हते ते. चूक नाही म्हणाले, कारण त्यांना ती चूक वाटतच नव्हती. त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोच्या तोंडून, ती खरी ठरली होती. मी म्हटलं, अक्का, मग मला का नाही सांगितलं त्यांनी?

अक्का म्हणाल्या, "तू त्यासले कधी इचारंच नही."

नाही विचारलं. मी शुद्धिपत्र मागितलं. का नको म्हणता, हे नाही विचारलं.

आणखी एक. मघाशी बाहेर भिकाभाऊंनी मला बाजूला घेतलं. पुस्तिका छापून झाली की खिळे सोडतात, कप्प्याकप्प्यात परत टाकतात, पुढच्या कामाला लागतात म्हणून. छोट्या छापखान्यात खिळे आधीच अपुरे. पण माझ्या पुस्तिकेची शेवटची चार पानं नानांनी सोडू दिली नाहीत. दोऱ्याने बांधून फळीवर ठेवली. लग्नसराईत अक्षरं कमी पडली तरी नाही. भिकाभाऊ विचारायचे, नाना, हे सोडू का? नाना म्हणायचे, ताई येईल. ती सांगेल तसं करू.

दीड वर्ष ती चार पानं तिथे आहेत. आज भिकाभाऊ मला विचारतात, "ताई, आता सोडू का ठेवू?"

त्याचं उत्तर आता देते, सगळ्यांसमोर देते.

भिकाभाऊ, सोडू नका. ती पानं आहेत तशी परत छापायची. बाकीची मी बसून तुमच्याबरोबर जुळवीन, मला शिकवा. एक अक्षर बदलायचं नाही. फक्त सुरुवातीला एक ओळ टाकायची: ही तबकडी धुळ्यात दुसऱ्या बाजूने सुरू झाली. आणि खाली माझं नाव. प्रकाशक नाही. माझं नाव.

आणि तुमच्यापैकी ज्यांच्या प्रतीत ती चिठ्ठी आहे, त्यांनी ती काढून टाका. डिंक चांगला आहे, पान थोडं फाटेल. फाटू द्या.

सर, तुम्ही नानांना प्रामाणिक म्हणालात ते खरंच आहे. नुसतं कारण चुकलं होतं.

आता थांबते. तुम्ही दोन मिनिटं उभे राहणार आहात, तशी रीत आहे. पण माझी एक विनंती आहे. नानांकडे कुणीही तबकडी ऐकायला बसलं की एक बाजू संपल्यावर लोक लगेच बोलायला लागायचे. नाना हात वर करायचे. तबकडी उचलायची, पुसायची, उलटायची, सुई ठेवायची. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. म्हणायचे, "हाई बी गानामाच शे." हेसुद्धा गाण्यातच आहे.

तर घड्याळ बघू नका. ती तबकडी इथे फोटोशेजारी ठेवली आहे, फोनोही आहे. पाठवणीची बाजू वर आहे, अक्कांनी घरी वाजवून तशीच आणली. मी ती उचलते, पुसते, उलटते. नीट पुसायची तर थोडा वेळ लागेल. सुई टेकेपर्यंत आपण सगळे उभे राहू.

नाना, मी आले. बाजू बदलते.